झोपमास्तर

आमचा अण्णा समोरच्या माणसाकडे बघायला लागला की त्याची पापणी लवत नसे. नव्या माणसाला वाटे, मास्तर आपल्यावर रागावलेत. ओळखीच्यांना ठाऊक असे की मास्तर रागावलेबिगावलेले नाहीत, त्यांचा सराव चाललाय. रविवारी जुन्नरच्या बाजारात तो शिरला की भाजीवाल्या बायका माना खाली घालून तराजू धरत. "मास्तर, माज्याकडं बघू नगा वो, आजून सगळी मेथी इकायचीय," असं एक म्हातारी त्याला हटकून म्हणायची, आणि मग तो मुद्दाम तिच्यासमोर उभा राहून तिच्याकडे टक लावायचा. गावानं त्याचं नाव झोपमास्तर ठेवलं होतं. त्याला ते आवडत नसे, पण हाक मारली की ओ मात्र देई.

तो माझा सख्खा थोरला भाऊ. माझं सासरही गावातच, दोन आळ्या टाकून. सासरी शिवणकाम चाले. दुपारी मशीन थांबलं की मी माहेरी जाऊन बसे, त्यामुळे लग्न होऊनही मी तिथून पुरती अशी कधी गेलेच नाही. मला अक्षरं अण्णानंच शिकवली, तीही आईच्या शिव्या खाऊन. त्याच्यावर माझा राग आहे, आणि त्याच्याइतकं दुसरं कुणी माणूस मला आवडलं नाही. इतकी वर्षं झाली तरी या दोहोंतलं काही कमी झालेलं नाही.

हे वेड त्यानं पुण्याहून आणलं. मास्तरकीच्या ट्रेनिंगला असताना त्यानं तिथं एक खेळ पाहिला होता. कोट घातलेल्या एका गृहस्थानं बघ्यांमधला एक जाडजूड माणूस वर बोलावला, त्याला खुर्चीतच झोपवलं आणि पेढा म्हणून कच्चा कांदा खायला दिला. तो माणूस मिटक्या मारीत कांदा खात राहिला आणि सगळं थिएटर पोट धरून हसलं. अण्णा हसला नाही. "कांद्याचा पेढा होतो, तर दुखण्याचं सुख का होणार नाही?" असं तो आम्हाला येऊन म्हणाला. मग कुठून कुठून पुस्तकं मागवली. इंग्रजी बेताचं, म्हणून शेजारी शब्दकोश घेऊन बसे. माजघराच्या भिंतीवर त्यानं काजळाचा ठिपका काढला आणि डोळ्यांतून पाणी गळेपर्यंत त्याच्याकडे बघत राहू लागला. आईला वाटलं सून काहीतरी टाकून बोलली, म्हणून पोरगा रडतोय. त्यावरून वहिनीला दोन दिवस बोलणी खावी लागली.

कुणी विचारो न विचारो, तो या विद्येची कुळकथा सांगायचा. घरीदारी तो पुस्तकात असतं तसंच बोले. "हिप्नॉस म्हणजे ग्रीक लोकांची झोपेची देवता. त्यावरून हिप्नॉटिझम. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी व्हिएन्नाकडचा एक वैद्य लोहचुंबक फिरवून रोग बरे करी. त्याला वाटे, आपल्या हातांतून काहीतरी वाहतं. मागाहून एका इंग्रज डॉक्टरानं दाखवून दिलं, की हातातून काही वाहत नाही. नजर एका जागी खिळली, मन एका शब्दावर खिळलं, की ही झोप येते. नाव त्यानंच दिलं." मग कलकत्त्याकडच्या एका गोऱ्या डॉक्टराची गोष्ट येई. क्लोरोफॉर्म यायच्या आधी त्यानं या झोपेत माणसांच्या मोठमोठ्या गाठी कापल्या आणि माणसं हूं की चूं करीनात. शेवटी आपल्या योग्यांचं त्राटक. मोहिनीविद्या हा शब्द मात्र त्याला खपत नसे. पेठेतल्या एका मारवाडी शेटजींनी, "मास्तर, तुमच्या मोहिनीनं गिऱ्हाईक वळतं का?" असं विचारलं, तेव्हा अण्णा आठ दिवस त्यांच्या दुकानाची पायरी चढला नव्हता.

मी कितीही चेष्टा केली तरी त्याच्या हाताला गुण होता हे खरं. पहिला प्लेग सरून गाव रानातल्या झोपड्यांतून परत घरी आलं होतं, त्या वर्षांतली ही गोष्ट. माणसं भ्यालेली होती. कुणाला झोप लागत नव्हती, कुणाला अन्न जात नव्हतं. अण्णा त्यांना ओटीवर बसवी, कपाळापासून पायांपर्यंत अंगाला न लावता हात फिरवी आणि एकाच सुरात बोलत राही. उठताना माणसं हलकी होऊन उठत. शेटजींचा मुलगा अडखळत बोलायचा, तो सरळ बोलायला लागला. मग शेटजीच अण्णाची पायरी चढले.

डोंगरातली माणसं हिरडा घेऊन बाजाराला येत, तीही त्याच्याकडे येऊ लागली. घोड नदीच्या खोऱ्यातून, आंबेगावच्या पलीकडून एक बाई आली होती, दाढ इतकी सुजलेली की एक डोळा मिटून गेलेला. अण्णानं तिला झोपवलं. बाईमाणसाच्या झोपेची परीक्षा घ्यायची त्याची स्वतःची एक रीत होती. तो आधी तिचं नाव विचारी, मग गाव, मग घरधन्याचं नाव. आमच्याकडे बाई नवऱ्याचं नाव घेत नाही. घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं म्हणतात. "जागेपणी जीव गेला तरी जे नाव बाई घेणार नाही, ते झोपेत सहज घेते. इतकी सोपी परीक्षा साहेबाच्या पुस्तकात नाही," असं तो मोठ्या अभिमानानं सांगायचा. त्या बाईनं "बुधा" म्हणून स्वच्छ सांगितलं. बुधा शेजारीच पागोटं हातात घेऊन उभा होता, तो लाजून भिंतीकडे वळला. मग न्हाव्यानं दाढ उपटली. जाग आल्यावर बाई म्हणाली, "दुखलं न्हाई वो. लई ग्वाड झोप लागली व्हती." नाव घेतल्याचं मात्र तिनं शेवटपर्यंत कबूल केलं नाही.

आता वहिनीबद्दल सांगते. ती महाळुंग्याची, नाव गोदा. बाळंतपणं झाली, मूल एकही राहिलं नाही. त्याबद्दल आई जे बोलायची ते लिहिण्यासारखं नाही. अण्णा तिला कधी वाकडं बोलला नाही, पण सरळही फारसं बोलला नसेल. दिवसा, वडीलधाऱ्यांच्या देखत नवराबायकोनं बोलायचं नाही, अशी आमच्या घरची चाल. पाणी हवं असलं तर अण्णा आईकडे मागायचा आणि आई वहिनीला सांगायची. साऱ्या गावाच्या डोळ्यांत बघणाऱ्या या माणसाकडे त्याच्या बायकोनं मान वर करून कधी पाहिलं नव्हतं.

तिच्या पोटात दुखू लागलं, तेव्हा तिनं ते किती दिवस अंगावर काढलं कोण जाणे. चुलीपुढे वाकली ती वाकलीच राहिली, तेव्हा आम्हाला कळलं. दवाखान्याचे डॉक्टर घरी आले. आई आणि मी दोन्हीकडून लुगडं धरून उभ्या राहिलो आणि त्यांनी पोट तपासलं. ओटीवर जाऊन ते अण्णाला म्हणाले, "मास्तर, गाठ पसरली आहे. पुण्याला नेऊन आता हाल होतील, दुसरं काही नाही. अफूचा अर्क देतो. दुखणं तरी थांबेल." अण्णानं मान हलवली आणि अर्क आणायला गेला नाही.

त्याचं कारण मला ठाऊक होतं. आमचे वडील शेवटी अफूवरच होते. महिनाभर त्यांनी आम्हाला कुणाला ओळखलं नाही, अण्णाला तर चोर समजून शिव्या देत देत गेले. "गोदेचं मी तसं होऊ देणार नाही," अण्णा मला म्हणाला. "दुखणं मी काढतो. ती शुद्धीवर राहील. शेवटपर्यंत माणसात राहील." इतकी वर्षं ज्या विद्येसाठी डोळे फोडले, ती आता नाही उपयोगी पडणार तर कधी, असं त्याचं म्हणणं. तेव्हा मलाही ते पटलं होतं.

तो शाळेतून आला की हातपाय धुऊन वहिनीच्या खोलीत जाई आणि दार लावून घेई. आईला ते सहन होत नव्हतं. "दिसाढवळ्या दार लावून बसत्यात. सोयरं काय म्हनतील?" अशी तिची बाहेर धुसफूस चाले. पहिले काही दिवस काही जमेना, कारण वहिनी वर बघेचना. अण्णा म्हणे, माझ्या डोळ्यांत बघ, आणि ती आपली त्याच्या पायांच्या अंगठ्याकडे बघत बसे. मग त्यानं समई लावून तिच्यापुढे ठेवली आणि ज्योतीकडे बघायला सांगितलं. ज्योतीकडे बघायला तिची हरकत नव्हती. त्या दिवशी तिला झोप लागली. अण्णानं तिच्या हाताच्या पाठीवर सुई टोचली, तर ती हललीसुद्धा नाही. "दुखतं का?" विचारलं, तर डोळे मिटूनच म्हणाली, "न्हाई दुखत." अण्णा बाहेर आला तेव्हा त्याचा चेहरा असा फुलला होता की आईसुद्धा गप्प बसली.

असे बरेच दिवस गेले. डॉक्टर वाटेत भेटले की अण्णा त्यांना सांगे, अर्काची गरज नाही. वहिनी वाळत चालली होती, पण तोंडातून आवाज नव्हता. गावात बोलबाला झाला की झोपमास्तरानं बायकोचं दुखणं बांधून टाकलंय. खोडद-निमगावाकडची माणसं नुसतं बघायला म्हणून यायची.

एक दिवस आईनं वहिनीचं लुगडं माझ्याकडे सांधायला दिलं. पदर जागोजाग विरलेला, भोकंच भोकं. मी शिंप्याच्या घरची. कसरीनं खाल्लेलं, खिळ्यानं फाटलेलं आणि दातांनी चावलेलं कापड मला कळतं. मी तशीच लुगडं घेऊन वहिनीकडे गेले.

"वहिनी, हे काय आहे?"

"उंदरानं कुरतडलं आसंल, वन्सं."

"उंदराचे दात एवढे मोठे कधीपासून झाले?"

ती जराशी हसली आणि हसता हसता तिचा चेहरा फाटल्यासारखा झाला. म्हणाली, "त्यांना वाटतंय दुखायचं थांबलं. वाटू द्या. साळंतनं आले की हितं येऊन बसत्यात. लगीन झाल्यापासनं येवढं कधी बसले व्हते का माज्यापाशी? झोप म्हनत्यात, मी झोपते. दुखत न्हाई म्हन म्हनत्यात, मी म्हनते. त्यांनी सांगितलं आन् मी केलं न्हाई, आसं कवा झालंय? तुमाला माज्या गळ्याची आन हाय, त्यांना सांगू नका."

मी आण घेतली आणि तिथून उठून तडक शाळेत गेले. आण मोडल्याचं मला त्या दिवशी वाईट वाटलं नाही, आजही वाटत नाही. शाळेच्या आवारात चिंचेखाली मी अण्णाला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "तुझा काहीतरी गैरसमज आहे. दुखत असतं तर तिनं मला सांगितलं नसतं का?"

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हटलं, "आपल्या घरात कुठल्या बाईनं कुणाला काय सांगितलंय रे आजवर?"

"सुई टोचली तरी ती हलत नाही."

"इतकी बाळंतपणं काढलेली बाई ती. तुझ्या सुईला काय भिणार?"

 त्याच्या पुस्तकांतली माणसं जागेपणी आपल्या मनाप्रमाणे वागणारी होती. झोप लागली, की मग ती दुसऱ्याचं ऐकत. आमची वहिनी सारा जन्म जागेपणीच ऐकत आलेली. ती झोपली आहे की नुसतं सांगितलं तसं करते आहे, हे तो कशावरून ओळखणार? पण हे मला आज सुचतंय. त्या वेळी मी नुसती रडत होते. "बरं, परीक्षा घेतो," अण्णा म्हणाला. "बाहेर आईच्या कानावर जाईल म्हणून आजवर घेतली नव्हती. तू समोर बस."

त्या दुपारी खोलीत आम्ही तिघंच होतो. समई लावली, हात फिरवून झाले, वहिनीनं डोळे मिटले. अण्णानं विचारलं, "तुझं नाव काय?"

"गोदा."

"गाव?"

"म्हाळुंगं."

"घरधन्याचं नाव काय?"

वहिनी गप्प. या घरात राहून तिनं ती परीक्षा कितीदा तरी ऐकली होती. नाव घेतलं की सुटली, आणि नाही घेतलं की अण्णाला कळणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. मला तिच्या गळ्याची शीर उडताना दिसत होती. अण्णानं पुन्हा विचारलं. मग तिसऱ्यांदा विचारताना त्याचा आवाज परीक्षेचा राहिला नाही. "गोदे, घे. एकदा घे गं," असं तो म्हणाला. तो विनवत होता. तिनं नाव घेतलं असतं, तर इतक्या दिवसांत तिला काही दुखलं नाही असं झालं असतं. तिचे ओठ हलले, उघडले, आणि तसेच मिटले. मिटल्या डोळ्यांतून पाणी निघून कानाकडे गेलं. अण्णाचा हात तिच्यावर धरलेला होता, तो त्यानं हळूच मागे घेतला. तो उठला, पायात वहाणा न घालता बाहेर पडला.

दार वाजल्यावर वहिनीनं डोळे उघडले. "कुटं गेले?"

"दवाखान्यात."

"म्या लई जोर केला वन्सं. तोंडातनं येईचना. मी तर चाललेच. जाता जाता त्यांचं आयुष्य कशाला कमी करू?"

अर्क आला. पहिल्या दिवशी वहिनी खरोखरची झोपली, इतकी की आई तिच्या नाकापुढे सूत धरून बघून आली. अण्णा उंबऱ्यात बसून तिच्याकडे बघत होता. त्यानं भिंतीवरचा ठिपका ओल्या फडक्यानं पुसून काढला. पुढच्या बाजाराला हिरड्याच्या पाट्या घेऊन डोंगरातली माणसं आली, त्यांनी फिट येणारी एक मुलगी आणली होती. अण्णा ओटीवर उभा राहून हात जोडून म्हणाला, "मला येत नाही." ती माणसं बराच वेळ तशीच उभी होती. त्यांना वाटलं, आपलं काही चुकलं. मला तेव्हा त्याची कीव आली आणि रागही आला. इतक्या जणांना ज्याचा खरोखर उपयोग झाला होता, ते यानं एका दिवसात खोटं ठरवलं होतं. मी तसं म्हटल्यावर तो म्हणाला, "ज्या एकीसाठी यायला हवं होतं तिच्यासाठी आलं नाही. बाकीच्यांचं काय घेऊन बसलीस?"

तरी दुपारची बैठक सुटली नाही. ती वहिनीनंच मागून घेतली. चार दिवस तो दाराशीच घुटमळतोय असं बघून तिनं मला विचारायला लावलं, "आज झोपवनार न्हाईत का?" मग तो आत गेला. समई लागली, दार लागलं. आता दोघांनाही सगळं माहीत होतं, तरी तो हात फिरवायचा आणि ती डोळे मिटायची. आई बाहेर काही बोलेनाशी झाली. अर्काचे थेंब वाढत गेले आणि व्हायचं तेच झालं. वहिनी मला ओळखेना, आईला आपली आई समजू लागली. अण्णाचा आवाज आला की मात्र मान त्या बाजूला वळवायची. अण्णानं ज्याची धास्ती घेतली होती ते त्याला रोज समोर बसून बघावं लागलं, आणि तो ते बघत बसला.

शेवटी शेवटी थेंबांनीही भागेना. ती पोटाशी पाय घेऊन कण्हायची आणि ते कण्हणं ओटीपर्यंत ऐकू यायचं. डॉक्टर म्हणाले, याहून जास्त देता येणार नाही. त्या दिवशी अण्णा शाळेत गेलाच नाही. जेवणवेळ टळून गेल्यावर मला म्हणाला, "तू आतच थांब." त्यानं तिच्या कपाळापासून पायांपर्यंत हात न्यायला सुरुवात केली. "पापण्या जड झाल्या. हात जड झाले. पाय जड झाले. आता दुखत नाही." पुन्हा कपाळ, पुन्हा पाय. किती वेळ गेला मला सांगता येणार नाही. तिचं कण्हणं बारीक झालं, मग थांबलं. श्वास लांब लांब येऊ लागला. मला आधी बरं वाटलं, वाटलं की आज खरंच लागली झोप. मग पुढचा श्वास आलाच नाही. मी आईला हाक मारली.

आळीतल्या बायका आल्या, बाहेर पुरुष जमले, बांबू आले. अण्णा हलला नव्हता. तो अजून हात फिरवत होता आणि तेच शब्द म्हणत होता. आई त्याच्या खांद्याला धरून म्हणाली, "आरं, गेली ती. काढ आता हात." तेव्हा त्याचं बोलणं थांबलं. तो तिच्या पायांशी सरकून बसला आणि त्यानं हात उलटे फिरवायला सुरुवात केली, पायांकडून कपाळाकडे. बायका एकमेकींकडे बघू लागल्या. त्यांना वाटलं, याचं डोकं फिरलं. ते हात कशाचे, हे त्या खोलीत मला एकटीला कळत होतं. निजवताना तो हात वरून खाली नेई, आणि उठवताना खालून वर.

मी त्याचं मनगट धरलं. "अण्णा, पुरे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. शाळेत पोरांना समजावून सांगतात तशा आवाजात म्हणाला, "थांब जरा. हिला उठवायचं राहिलं आहे."

मी मनगट सोडलं. बाहेर जाऊन पुरुषमंडळींना सांगितलं, थोडा वेळ लागेल. आणि आत येऊन दार लावून घेतलं.